शिंप्याच्या दुकानापासून फाटकापर्यंत

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. दात काढणारे नव्हेत, दात पोचवणारे. दात बनवणाऱ्या एका लॅबमधून तयार कवळ्या उचलायच्या, दवाखान्यांत नेऊन द्यायच्या, आणि येताना तिथले प्लॅस्टरचे साचे लॅबसाठी घेऊन यायचे, असं त्यांचं काम होतं. मोटरसायकलच्या कॅरियरला पत्र्याचा डबा कायमचा बांधलेला असे. कोणी चेष्टा केलीच तर म्हणत, "हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माझ्या डब्यात या, दोन्ही एकाच भावात मिळतील."

मोटरसायकल त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनची. तिला एक जुनी खोड होती. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं झालं की ते अडवणारी एक बारीक सुई असते, ती हिच्यात नीट बसत नसे. चालताना काही कळायचं नाही, पण गाडी उभी केली आणि टाकीखालचा कॉक उघडा राहिला की पेट्रोल थेंब थेंब गळत राही. दातवाल्यांनी सुई बदलून पाहिली, आतला फ्लोट बदलून पाहिला, मेकॅनिक बदलून पाहिला. शेवटी माणूस संसारात करतो तेच त्यांनी केलं. खोड तशीच ठेवली आणि स्वतःला वळण लावून घेतलं.

ते वळण असं. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं. ते आलं की दातवाल्यांचा डावा हात खाली जाई आणि चालत्या गाडीवरच कॉक बंद करी. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी गल्ली पार करी आणि बरोब्बर स्वतःच्या फाटकाशी येऊन आपोआप बंद पडे. वाटी कोरडी, गळायला काही शिल्लक नाही. शिंपी म्हणे, "काका, एक दिवस माझं दुकान हलवतो, मग बघू कुठे बंद पडता ते."

"दुकान हलव, पण मला आधी सांग," दातवाले म्हणत.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, स्वयंपाकघरात तो आवाज पाठ होता. गाडी गल्लीत शिरली की त्या चहाचं आधण ठेवत. वाटीतलं पेट्रोल संपत आलं की इंजिन क्षणभर आवाज चढवी आणि मग एकदम गप्प होई. विझायच्या आधी ज्योत मोठी होते तसं. मग फाटकाची कडी वाजे. तोवर चहात साखर पडलेली असे.

एका संध्याकाळी इंजिन फाटकाशी आलं आणि बंद पडलंच नाही. तसंच धडधडत राहिलं. दातवाल्यांनी किल्लीनं बंद केलं, आत आले, चहा प्यायले. सकाळी अंगणभर पेट्रोलचा वास.

"कॉक राहिला वाटतं," काकू म्हणाल्या.

"शिंप्यानं पाटी बदलली ना. निळीची पिवळी केली. नजर चुकली."

पाटी खरंच बदलली होती. काकूंनी मनाशी शिंप्याला दोन शब्द सुनावले आणि विषय सोडला.

पुढे एकदा ते गाडी ढकलत आले, घामाघूम. कॉक शिंप्याच्या दुकानापाशी नाही, पार मोठ्या रस्त्यावरच बंद झाला होता. म्हणाले, "सैल झालाय. खड्ड्यात गेली की आपोआप फिरतो." गाडीवर खापर फोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उलट कोणी तिला नाव ठेवलं की सासरेबुवांसारखे फुगून बसत. काकूंना ते थोडं खटकलं. तरी पुन्हा मनात आलं, जुनी वस्तू आहे, सैल होणारच.

मेकॅनिककडे नवा कॉक बसवून झाला. हा मेकॅनिक त्यांच्या ओळखीचाच, लहानपणी काकूंच्या हातचा खाऊ खाल्लेला. त्यानं जुना कॉक काकूंच्या हातात ठेवला. "काकू, ठेवा जपून. हा अजून घट्ट आहे."

"मग बदललास कशाला?"

"काका म्हणाले बदल. मी त्यांना शिकवू?"

काकूंनी तो घरी आणला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. येता-जाता फिरवून बघत. दोन बोटांनी जोर लावल्याशिवाय हलत नव्हता.

मग तो दुपारचा फोन आला. एका दवाखान्यातून बाई बोलत होत्या. खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून बसलेत आणि त्यांची कवळी अजून आलेली नाही. लॅब म्हणते, सकाळीच निघाली. काकूंनी मेकॅनिकला गाठलं, त्याच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि दोघं शोधायला निघाले. दवाखान्याच्या वाटेवर दातवाले नव्हते. लॅबच्या वाटेवर नव्हते. सापडले ते भलत्याच रस्त्यावर, एका बंद गोदामाच्या सावलीत. मोटरसायकल उभी. खाली रुमाल पसरलेला आणि त्यावर प्लग, पाने, एअर फिल्टर, सगळं ओळीनं मांडलेलं. हात कोपरापर्यंत काळे.

"स्पार्क आहे," ते मेकॅनिकला म्हणाले. "प्लग साफ केला. फिल्टर झटकला. चोक देऊन पाहिला. काही केल्या घेत नाही रे."

मेकॅनिकनं सगळं जागच्या जागी बसवलं. मग वाकला आणि कॉक उघडला. वाटी भरेपर्यंत थांबला. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

दातवाले त्याच्याकडे बघत राहिले. "काय केलंस तू?"

"पाइपात हवा अडकली होती, काका."

"हवा," ते म्हणाले. आणि मग काकूंकडे न बघता, "हो. हवा असेल."

काकूंनी खाली पसरलेला रुमाल उचलून झटकला. हवेचं खोटं पकडलं गेलं होतं, आणि तिघांनीही ते पदरात घेतलं होतं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर मृदू बोलले, पण सांगितलं ते इतकंच की हे विसरणं थांबणारं नाही, आणि गाडी तर आजपासून बंद. लॅबच्या मालकांनी डबा मागून घेतला, शाल दिली. शाल कपाटात गेली. दातवाले मात्र रोज सकाळी कपडे करून तयार. काकूंनी किल्ली लपवली तर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढं हातांना येत होतं. एकदा तसेच निघून गेले, ते पाण्याच्या टाकीच्या पलीकडे एका अनोळखी फाटकाशी उभे सापडले. कॉक बंद केलेला होता. गाडी तिथे बंद पडली म्हणून ते तिथे उतरले होते आणि आपल्याच घराची कडी शोधावी तशी त्या फाटकाची कडी शोधत होते. आतल्या बाईंनी पाणी दिलं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी तेही मिळेल याचा भरवसा नव्हता. काकूंचा जीव आता या एकाच गोष्टीला टांगलेला होता, हा माणूस गाडीवर बसून निघेल आणि परत येणार नाही.

"विकून टाका," शिंपी म्हणाला. "काकू, काळजावर दगड ठेवा."

"विकली तर शोधायला निघतील. पायी."

मेकॅनिकनं दुसरा उपाय सुचवला. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचं एक लहानसं जेट असतं, त्याला पेट्रोल जायला सुईच्या अग्राएवढं भोक. त्यात वितळलेल्या कथलाचा थेंब सोडून ते बुजवायचं. "सुरू होईल, काकू. आवाज येईल. पण रेस दिली की दम तोडेल. जागची हलणार नाही."

"त्यांना कळेल?"

"एके काळी आवाजावरून सांगितलं असतं त्यांनी." त्यानं बोटांवरचं ग्रीस पुसलं. "आता माहीत नाही."

दातवाले झोपले होते त्या दुपारी ते काम उरकलं.

पहिले काही दिवस बरे गेले. सकाळी ते गाडी सुरू करत, उभ्या गाडीवर बसून आवाज ऐकत, रेस देत, गाडी बंद पडे. पुन्हा किक. मग एका सकाळी अंगणातून किकचा आवाज थांबला आणि पान्याचा सुरू झाला. काकू बाहेर आल्या तेव्हा कार्ब्युरेटर उघडलेला होता. दातवाल्यांनी जेट चिमटीत धरून आभाळाकडे केलं होतं आणि एक डोळा मिटून आरपार बघत होते.

"कथील आहे," ते म्हणाले. "हा कचरा नाही. कोणीतरी मुद्दाम डाग दिलाय."

काकूंना खोटं बोलता आलं नाही. गोदामाची सावली, ते अनोळखी फाटक, डॉक्टर, सगळं त्यांनी सांगितलं. दातवाले पायरीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं काम केलंय पोरानं. एकही ओघळ नाही." आणि उठले. जेट जिथलं तिथे बसवलं, पान्यानं आवळलं, हात पुसले. कॉक बंद केला. "मला नंतर कोण शोधत बसणार, हो ना?" एवढंच बोलले आणि आत गेले.

काकूंना वाटलं, सुटलो.

चार दिवस लोटले आणि अंगणात पुन्हा पाना वाजला. "अगं, कथील आहे यात. कोणी केलं हे?" चेहऱ्यावर पहिल्याइतकंच आश्चर्य. काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं. त्या वेळी ते चिडले, दिवसभर जेवले नाहीत. तिसऱ्या खेपेला रडले. एकदा मेकॅनिकला चोर म्हणाले, एकदा काकूंना, "तू मला खुंटीला बांधलंस." दर वेळी शेवटी जेट स्वतःच्या हातानं परत बसवत आणि कॉक बंद करत, हे मात्र चुकलं नाही. आणि दर वेळी काकूंना ती बातमी नव्यानं द्यावी लागे, आपल्याच घरच्या वाईटाची. पान्याचा आवाज आला की त्या हातातलं काम टाकत. देवा, आज यांना ते सापडू देऊ नकोस, असं म्हणत त्या पदराला हात पुसत बाहेर येत.

असे बरेच महिने गेले. त्या सकाळी पाना नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजत होता. काकू बाहेर आल्या. दातवाल्यांच्या तळहातावर जेट होतं. ते त्याच्याकडे बघत होते, पण आभाळाकडे धरत नव्हते. त्यांनी ते काकूंपुढे केलं.

"हे कुठलं गं? इथे पडलं होतं."

काकूंनी इतके दिवस जे मागितलं होतं तेच हे होतं. त्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसल्या. जेट त्यांच्या चिमटीत ठेवलं, त्यांचा हात मनगटाशी धरून वर केला.

"बघा ना," त्या म्हणाल्या. "भोकातून उजेड दिसतो का ते बघा."

त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवूनच बघितलं. "नाही दिसत."

"मग?"

"मग काय?" दातवाले म्हणाले.

कोपऱ्यावरून कोणाची तरी गाडी गल्लीत शिरली आणि पुढे निघून गेली. त्यांनी मान वळवली नाही. काकूंनी जेट हातातून काढून घेतलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. मग वाकून कॉक बंद आहे का ते पाहिलं. तो उघडा होता.