पिठातलं पाऊल

एकनाथकाका कोणत्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघायचे. अर्विंगमधल्या मराठी घरांत ही सवय सगळ्यांना माहीत होती. ते घरोघरी पंखे बसवायचे, दिवे बदलायचे, अडकलेलं गराजचं दार सोडवून द्यायचे. इलेक्ट्रिशियन माणूस, छताकडे बघणारच, असं मला वाटायचं.

आमची ओळख मंडळाच्या मराठी शाळेत झाली. मी रेणूच्या, म्हणजे बायकोच्या व्हिसावर इथे आलो होतो. मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्याहून मराठीत एम. ए. केलेला माणूस टेक्सासमध्ये दुसरं काय करणार? रविवारी मुलांना मराठी शिकवायचो. मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची. एकदा काका प्रोजेक्टर जोडायला आले आणि मागच्या बाकावर बसून राहिले.

"मास्तर," वर्ग सुटल्यावर म्हणाले, "ही पोरं 'बाळ'ला 'बाल' म्हणतात आणि तू रागावत नाहीस. पगार नाही म्हणून?"

"पगार असता तरी रागावलो नसतो."

"मग तू साहित्यातलाच. चल, चहा पाजतो."

तेव्हापासून मी मास्तर. ते पन्नाशी ओलांडलेले, कराडकडचे, एकटे. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "वायरिंग जुनं आहे, लोड घेणार नाही." लोक हसायचे. त्यांच्या फ्रिजवर एका तरुण मुलाचा फोटो होता. धाकटा भाऊ, विष्णू. गेला, एवढंच मला माहीत होतं. कसा गेला ते मी विचारलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला.

"मास्तर, उद्या रिकामा आहेस ना?"

"मी रोजच रिकामा असतो, काका."

ते हसले नाहीत. "माझ्याबरोबर यायचंय. आईशी व्हिडिओवर बोलणं आहे, ते एका वकीलबाईला इंग्रजीत सांगायचं. मी सांगितलेलं चालत नाही म्हणे. मी घरचा ना. तिऱ्हाईत पाहिजे."

"कशाबद्दल?"

"एक माणूस तुरुंगात आहे. जन्मभरासाठी. त्याने काही केलेलं नाही, हे मला माहीत आहे."

सकाळी त्यांच्या व्हॅनमधून निघालो. डॅलस मागे पडलं. मग पाइनची झाडं, लाल माती आणि दर दोन मैलांवर एक चर्च. काका समोर बघून बोलत होते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी लोअरी नावाच्या गावात डोबी नावाच्या माणसाचं गॅस स्टेशन होतं, पेट्रोल पंप आणि दुकान. काका तिथे कामाला होते. डोबीनेच त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागद केले होते. विष्णू जवळच्या एका कॉलेजात शिकत होता. एका रविवारी काका अर्विंगला किराणा आणायला आले आणि काउंटरवर विष्णूला बसवून गेले. परत आले तेव्हा बाहेर पोलिसांच्या गाड्या होत्या. मागच्या सामानाच्या खोलीत विष्णूला गोळी घातली होती. पिस्तूल सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी अर्ल विटकरला धरलं. काळा माणूस. डोबीने त्याला आदल्या महिन्यात कामावरून काढलं होतं. डोबीने पोलिसांना सांगितलं, अर्ल धमकी देऊन गेला होता. अर्लने पिस्तूल नदीत फेकलं असणार, असं कोर्टात ठरलं. झालं.

"मग तुम्हाला काय माहीत आहे?" मी विचारलं.

काकांनी एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाले, "तुमच्याकडे पुण्यात माणूस गेला की पिठावर दिवा लावतात का?"

"लावतात."

"आणि बघतात?"

मला आठवलं. माणूस जिथे गेला तिथे दिवा ठेवायचा. शेजारी पीठ पसरून झाकायचं. दहाव्याला झाकण उचलून बघायचं, कसलं पाऊल उमटलंय. पाखराचं, गुराचं की माणसाचं. गेलेला त्या जन्माला गेला असं धरायचं.

"आईने फोनवर सांगितलं, एकनाथ, पीठ पसर. मी पसरलं. टोपली कुठली? चिप्सचं रिकामं खोकं पालथं घातलं. डोबीला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या लोकांचं जे असेल ते कर, मी त्या खोलीत आता पाऊल टाकणार नाही. खोलीला कुलूप होतं. एक चावी माझ्याकडे, एक त्याच्याकडे."

"आणि?"

"दहाव्याला कुलूप काढलं. दिवा पडलेला. खोकं सरकवलेलं. पिठात बूट. अर्धाच, पण स्पष्ट. चवडा खोल गेलेला. माणूस टाचा उचलून हात वर करतो ना, तसा. मी वर बघितलं. फॉल्स सीलिंगची एक टाइल तिरकी बसलेली."

व्हॅन चालत होती.

"पिस्तूल वर होतं," मी म्हणालो.

"अर्ल तेव्हा आत होता, मास्तर. आठवडाभर कोठडीत होता."

"तुम्ही पोलिसांना..."

"आईचा फोन यायचा होता. गावात पोस्टाजवळच्या बूथवर ती पहाटेपासून उभी होती. म्हणाली, काय उमटलं रे? मी म्हणालो, माणसाचं पाऊल, आई. ती रडायला लागली. आनंदाने. माझा विष्णू माणूसच होणार म्हणाली. मी फोन ठेवला, पीठ गोळा केलं आणि ओढ्यात सोडलं. तिने सांगितलं होतं तसं."

पुढच्या वर्षी गावात शेजारच्या कदमांच्या सुनेला मुलगा झाला. अवधूत. काकांच्या आईने त्याला मांडीवर घेतलं ते घेतलंच. त्याच्या वाढदिवसाला ती अजून सांजोऱ्या करते, कारण विष्णूला आवडायच्या. कदमांनाही ते चालतं.

"डोबी?"

"वारला. मुलंबाळं नाहीत. विष्णूने त्याचं काहीतरी बघितलं असणार. रविवारी मागच्या दाराला ट्रक लागायचे. मला नक्की माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही."

"इतकी वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत, काका?"

"कोणी विचारलंच नाही." मग लगेच म्हणाले, "हे उत्तर नाही. मला माहीत आहे."

विचारणारी आली ती वकीलबाई, कॅरोलाइन. तिशीतली, दमलेली, केस वर गुंडाळलेले. अर्लचा खटला पुन्हा उघडावा म्हणून ती कोर्टात शेवटचा अर्ज करत होती. जुने साक्षीदार शोधत ती काकांच्या दारात आली होती आणि तिने एकच प्रश्न विचारला होता. अर्लला पकडल्यानंतर त्या खोलीत कोणी गेलं होतं का?

लोअरीत तिने चर्चची मागची खोली मागून घेतली होती. टेबलावर लॅपटॉप, कागदी कपांत कॉफी. काका आत शिरले आणि त्यांनी छताकडे बघितलं. मी खाली बघितलं.

कॅरोलाइनने मला समजावलं. काकांचा जबाब तिने घेतला होता. पण पीठ नाही, फोटो नाही. सरकारी वकील म्हणेल, म्हातारपणी मन खातंय म्हणून हा गोष्ट रचतोय. त्या दिवशी पावलाबद्दल ऐकलेली दुसरी व्यक्ती जगात एकच होती. तिने त्या वेळी बुटाचा ठसा ऐकला असेल, तर न्यायाधीशांना काहीतरी धरायला मिळेल.

"तिने फक्त खरं सांगायचं," कॅरोलाइन म्हणाली. "रेकॉर्ड होतंय. तुम्ही शब्दाला शब्द सांगा."

"मी तिला पाऊल म्हटलं होतं," काका मला मराठीत म्हणाले. "बूट म्हटलं नव्हतं. पण फोनवर हेही म्हणालो होतो की दिवा पडला, खोकं सरकलंय. तेवढं तिला आठवलं तरी पुरे."

तिकडे रात्रीचे साडेआठ झाले असतील. काकांच्या आईचा, लताबाईंचा चेहरा स्क्रीनवर अर्धाच आला. कपाळ आणि एक डोळा.

"एकनाथ, जेवलास का?"

"आई, इकडे सकाळ आहे. फोन जरा खाली धर. हे आमचे मास्तर. ते विचारतील."

"मास्तर? कुठल्या शाळेत?"

"इथल्याच, आजी," मी म्हणालो.

"तिथे मराठी शाळा आहे? बरं झालं बाई. अवधू आत्ताच जेवून गेला. पुण्याहून आलाय. माझ्या हातचं पिठलं लागतं त्याला."

कॅरोलाइनने प्रश्न दिला. मी विचारला. विष्णू गेल्यानंतर दहाव्या दिवशी एकनाथ तुमच्याशी फोनवर बोलला, ते आठवतंय?

"न आठवायला काय झालं? पीठ पसरलं होतं. मीच सांगितलं होतं."

मी इंग्रजीत सांगितलं. कॅरोलाइनचा चेहरा उजळला. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"त्याने काय सांगितलं?"

"माणसाचं पाऊल आहे म्हणाला."

"अजून काही? दिव्याबद्दल? खोक्याबद्दल?"

स्क्रीनवरचा डोळा बारीक झाला. "हे का विचारताय?"

मी कॅरोलाइनकडे बघितलं. ती काही म्हणायच्या आत काका पुढे झुकले.

"आई, ते बुटाचं होतं. विष्णूला मारणारा आत येऊन गेला होता. त्याचं पाऊल होतं ते. ज्याला पकडलं तो तेव्हा कोठडीत होता. तो अजून तुरुंगात आहे, आई. आता तू सांगितलंस तर तो सुटेल."

हे त्यांनी बोलायचं नव्हतं. कॅरोलाइनने हात वर केला. पण मराठी तिला कळत नव्हती, आणि सगळं रेकॉर्ड होत होतं.

पलीकडे लताबाईंनी टीव्ही बंद केला.

"बूट नव्हता," लताबाई म्हणाल्या. "अनवाणी होतं. तू मला म्हणालास, पाचही बोटं दिसतायत. दिवा जळत होता. काही पडलं नव्हतं."

"आई, मी असं नव्हतो म्हणालो."

"म्हणालास. मी बूथवर उभी होते. मला पाठ आहे. माझा विष्णू इथे आहे. रोज माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो कुठला बूट घेऊन आलायस तू इतक्या वर्षांनी?"

फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" कॅरोलाइनने विचारलं.

मी काकांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. "सांग," ते म्हणाले. "शब्दाला शब्द."

मी सांगितलं. 'अनवाणी'ला इंग्रजी शब्द सोपा आहे. तो तोंडातून निघायला मला वेळ लागला. कॅरोलाइनने लिहायचं थांबवलं. आधी एकच कच्ची साक्ष होती. आता तिच्या विरुद्ध दुसरी उभी होती, आणि ती कॅरोलाइननेच मागवली होती.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "ती खोटं बोलत नाही, मास्तर. तिला खरंच बोटं दिसतात."



चार-पाच दिवसांनी ते आमच्या घरी आले. रेणूने दार उघडलं. ते आत येईनात. मी बाहेर गेलो.

"आईचा फोन होता. पहाटे. म्हणाली, त्या बाईला लाव, बूट होता म्हणून सांगते."

"आठवलं त्यांना?"

"नाही. मी विचारलं. आठवत नाही म्हणाली. मला विचारलं, त्या माणसाला आई आहे का? म्हटलं, होती, तो आत असतानाच गेली. मग म्हणाली, कोण कुठल्या जन्माला गेलं ते मी मेल्यावर बघीन, तू फोन लाव." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "अवधूला तिने या वाढदिवसाला सांजोऱ्या केल्या नाहीत. त्याची आई विचारत होती म्हणे, काय चुकलं आमचं?"

कॅरोलाइनला फोन लावला. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, पहिलं बोलणं रेकॉर्डवर आहे, ते तिला सरकारी वकिलाला द्यावंच लागणार. मुलगा तिला समजावत होता, हेही त्यात आहे. आता बदललेला जबाब म्हणजे पढवलेला जबाब. त्यातून आपल्या हातात उरलंय तेही जाईल. ती 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणाली. खरंच वाईट वाटलेल्या माणसासारखी म्हणाली.

अर्ज गेला. काकांच्या एकट्याच्या शब्दावर गेला. मे महिन्यात कोर्टाने तो फेटाळला. कॅरोलाइनने फोनवर कारण वाचून दाखवलं. साक्षीदाराने फार उशीर केला, वस्तू शिल्लक नाही, नातेवाइकाचं म्हणणं जुळत नाही. डोबीचं नाव निकालात एकदाही आलं नाही.

काकांनी तुरुंगात भेटीसाठी अर्ज केला. अर्लने होकार दिला. का दिला, कोणास ठाऊक. जूनच्या उन्हात आम्ही गेलो. मी गाडीत थांबणार होतो, पण काका म्हणाले, आत ये, माझं इंग्रजी आज चालणार नाही.

काचेपलीकडे एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस येऊन बसला. काकांनी फोन उचलला. मग माझ्याकडे दिला.

"त्यांना सांगायचंय की त्यांनी पाऊल बघितलं होतं," मी म्हणालो.

"वकीलबाईने सांगितलं मला." अर्लचा आवाज साधा होता. "त्याला विचार, कधी बघितलं?"

"तुम्हाला पकडल्यानंतर. त्याच आठवड्यात."

अर्लने मान हलवली. काकांकडे बघितलं. "माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती," तो म्हणाला. "मग तो काय करत होता?"

मी काकांना मराठीत विचारलं. गरज नव्हती. त्यांना समजलं होतं. ते म्हणाले, "आईशी बोलत होतो म्हणून सांग."

मी तसंच सांगितलं. अर्लने फोन जागेवर ठेवला आणि उठला. दारापाशी जाऊन त्याने गार्डला काहीतरी सांगितलं. गार्ड आमच्या बाजूला आला.

"पुन्हा येऊ नका म्हणतोय," तो म्हणाला.

काका तसेच बसून राहिले. पलीकडची खुर्ची रिकामी होती. गार्डने दोनदा सांगितलं, मग मी त्यांना दंडाला धरून उठवलं.