झाड की झुडूप

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने एखाद्या कार्यालयात राहून प्रत्यक्ष काम शिकायचं असे. माझ्या वाट्याला पंचायत समिती आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हवामान बदल हा शब्द तेव्हा आमच्या भागात कुणाच्या तोंडी नव्हता. माझ्या पत्रावर लिहिलं होतं, ‘दुष्काळ निवारणाच्या कामात आदिवासी वस्ती व ग्रामपंचायत यांचा समन्वय’. म्हणजे नेमकं काय करायचं, असं मी विस्तार अधिकाऱ्यांना विचारलं.

ते म्हणाले, “सध्या स्कूटरवर बसायचं.”

स्कूटर त्यांची होती आणि डावीकडं कलवल्याशिवाय सुरू होत नसे. राजूरच्या पुढं कच्च्या रस्त्यानं गेलं की भिल्लांची वस्ती लागायची, वीस-बावीस घरांची. वस्तीच्या वर उघडा दगडी माळ. पाऊस आला की माळावरची माती धुऊन जायची, नाही आला की वस्तीची विहीर आटायची. त्यावर उपाय म्हणून माळावर चर खोदून झाडं लावायची होती. आदल्या वर्षीही लावली होती, पण एकही जगलं नव्हतं. फाइलवर लाल शाईत शेरा होता, ‘लाभधारक उदासीन’.

वस्तीवर पहिल्यांदा भेटल्या त्या एक काकू, पंचेचाळिशीच्या, बकऱ्या सोडायच्या घाईत. साहेबांनी विचारलं, “मागच्या साली लावलेली झाडं का जगवली न्हाईत?”

“काय लावल्तं तुमी?”

“सुबाभूळ.”

“मंग? सुबाभूळ म्हंजे बकरीचं जेवण. तिच्यापुढं ताट वाढलं तुमी, अन् म्हणता जेवू नको!”

मला हसू आवरलं नाही. साहेबांनी मात्र लगेच स्कूटर कलवली. परतीच्या वाटेवर मला वाटलं, उद्यापासून मला टपाल नोंदवायला बसवणार. राजूरला चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता ते एकदम हसायला लागले. “बाई बराबर बोलली,” म्हणाले. “चुकलं आपलंच. त्यांना काय लावायचंय, ते विचारून या.”

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. काकूंनी बायका गोळा केल्या. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, सीताफळ. बकरी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, ते दगडात रुजतं, पाण्यावाचून तग धरतं आणि राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत उपासाचं फळ म्हणून हातोहात खपतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि फार मोठा शोध लागल्यासारखी कार्यालयात शिरले.

तिथं वेगळीच अडचण निघाली. योजना ‘वृक्ष’ लागवडीची होती. वरचे साहेब म्हणाले, “सीताफळ हा वृक्ष आहे का झुडूप? झुडूप असेल तर बसत नाही.” शोधायचं काम माझ्याकडं आलं. जालन्याच्या ग्रंथालयात मी अख्खी दुपार घालवली. एका पुस्तकात ‘लहान वृक्ष’ होतं, दुसऱ्यात ‘मोठे झुडूप’. मी दोन्ही उतारे प्रामाणिकपणे फाइलला जोडले. शेवटी निर्णय आला, ग्रामसभेचा ठराव आणा.

ग्रामसभा नेहमी गावातल्या चावडीवर भरे. वस्तीवरचे लोक आलेच तर पायरीशी उभे राहत आणि सभा संपायच्या आत परतत. यावेळी सभा वस्तीवर घ्यावी, असं साहेबांनी सरपंचांना सुचवलं. सरपंच जरा कुरकुरले, पण आले. काकूंच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. त्यांनी सगळ्यांना त्याच सतरंजीवर बसवलं, सरपंचांनाही.

सरपंचांनी विचारलं, “पण हे झाड का झुडूप?”

काकू म्हणाल्या, “बकऱ्या चारताना मी त्याच्या सावलीत बसून भाकर खाते. मंग झाडच की ते.”

ठराव झाला. ग्रामसेवकानं तो लिहिला, सह्या कमी पडल्या नाहीत, अंगठे तर शाईची डबी कोरडी पडेपर्यंत उठले.

रोपवाटिकेत सीताफळाची रोपं नव्हती, त्यामुळं बिया आपणच जमवायच्या ठरल्या. पुढच्या चतुर्थीला मी पत्र्याचा डबा घेऊन राजूरच्या देवळाबाहेर उभी राहिले आणि फळ खाणाऱ्याला विनवू लागले, बिया थुंकू नका, यात टाका. काहींना वाटलं, माझा नवस आहे. एका आजोबांनी डब्यात बिया टाकून वर हात जोडले. नेमके आमच्या कॉलेजचे सर सहकुटुंब दर्शनाला आले होते. त्यांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घरच्यांना घेऊन घाईनं पुढं गेले.

पलीकडं फळांचा गाडा लावलेले चाचा सकाळपासून हे बघत होते. “मॅडम, इन बियाँ का अचार डालते क्या?” त्यांनी विचारलं. मी माळाचं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी पिचलेल्या सीताफळांची अख्खी टोपली माझ्यापुढं ठेवली. “ये भी ले जाओ, बेटा. खाली पडे तो सड जाते.” मला न्यायला आलेल्या साहेबांनी ती टोपली स्कूटरवर पायांत धरून नेली. पँटचं जे व्हायचं ते झालं.

डिसेंबरात माझी मुदत संपली. पेरणी व्हायच्या आत मी निघाले होते. तिथं परत गेले ते दोन वर्षांनी. साहेबांची बदली झाली होती. माळाच्या एका अंगाला चरांच्या कडेनं गुडघ्याएवढी रोपं उभी होती, दुसरं अंग तसंच बोडकं. काकूंनी स्वतःहून सांगितलं, “तिकडं मी चुकले. दगडात रुजतं म्हनले, पन खाली नुस्ता खडक व्हता.” बोलण्यात खंत नव्हती. त्या अंगाला आता निवडुंग लावून पाहणार होत्या आणि त्यासाठी चावडीवर ग्रामपंचायतीकडं दोनदा जाऊनही आल्या होत्या.

“चावडीत कुठं बसलात?” मी विचारलं.

“खुर्ची व्हती की,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं निरखून बघत विचारलं, “तुला नोकरी लागली का?”

“लागली. अंबडकडं.”

“कशाची?”

“हीच. गावोगाव फिरायची.”

त्या खळखळून हसल्या आणि बकऱ्यांमागं निघता निघता म्हणाल्या, “मंग आधी पायात चांगली चप्पल घे.”