बोंडअळीची सवय

"खर्रा?" शाहीन मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "बायोलॉजीच्या पेपरात तंबाखू-सुपारीचा खर्रा?"

टेबलावर अख्ख्या बॅचचे पेपर पसरलेले. बाजूला आमचे वानखडे सर रुमालानं मान पुसत उभे. मी भिंतीला टेकून, हातात बेल.

मॅडमनी एक पेपर उचलून वाचला. "लार्वा गेट हॅबिट ऑफ मेडिसिन, लाइक मॅन गेट हॅबिट ऑफ खर्रा." दुसरा उचलला. "हाच." तिसरा उचलला. "स्पेलिंग वेगळं, खर्रा तोच. सर, ही कॉपी नाही तर काय आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आता आधी मी कोण ते सांगतो. मी गुलाबराव. सातवी नापास. अकोल्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये अटेंडंट होतो. रिटायर झालो, पण माझी जागा अजून भरली नाही. त्यामुळे बारावीचं प्रॅक्टिकल आलं की सरांचा फोन येतो, आणि मी आढेवेढे घेतो. दोनदा नाही म्हणतो, मग जातो. पहिल्याच फोनला जाणाऱ्याची किंमत राहत नाही.

प्रॅक्टिकलमध्ये 'स्पॉट' म्हणून एक प्रकार असतो. टेबलांवर ओळीनं वस्तू मांडायच्या. कुठं कांद्याच्या मुळाची स्लाइड, कुठं एखादं हाड, कुठं बरणीतला प्राणी. प्रत्येक वस्तूजवळ एक प्रश्न. पोरं एकेका टेबलापुढं उभं राहून उत्तर लिहितात. मी बेल वाजवली की सगळ्यांनी पुढच्या टेबलावर सरकायचं. वर्षानुवर्षं स्पॉट तेच असतात, म्हणून उत्तरंही पाठ असतात. तपासायला बाहेरच्या कॉलेजातून एक्स्टर्नल येतात. त्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी घालायची, म्हणजे तपासणी मऊ होते. हा आमच्याकडचा रिवाज.

शाहीन मॅडम अमरावतीहून आल्या त्या स्वतःचा डबा घेऊन. सरांचा चेहरा तिथंच उतरला.

वर त्यांनी आल्या आल्या कपाटातली माझी बोंडअळ्यांची बरणी काढली. या अळ्या मी स्वतः तेल्हाऱ्याकडच्या कपाशीच्या वावरातून गोळा करून फॉर्मॅलिनमध्ये घालून ठेवलेल्या. बरणी टेबलावर ठेवून मॅडमनी नवाच प्रश्न लिहिला. एकाच औषधाची फवारणी दरवर्षी केली, तर काही वर्षांनी या अळ्या त्या औषधाने मरत नाहीत. का?

हा प्रश्न कोणाच्याच पाठांतरात नव्हता. आणि तरी सगळ्यांचं उत्तर एक.

"बेल कोण वाजवत होतं?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"म्हणजे प्रत्येक टेबलाजवळ तुम्ही फिरत होता."

"फिरल्याशिवाय बेल मांगपर्यंत ऐकू जात नाही, मॅडम."

"काका, तुम्ही उत्तर सांगितलं का?"

"परीक्षेत नाही सांगितलं."

मॅडमनी पेन उघडलं. "सर, मी कॉपी केस करते. सगळ्या बॅचचं प्रॅक्टिकल रद्द होईल. माझा नाइलाज आहे."

सर पांढरे पडले. प्रॅक्टिकल रद्द म्हणजे बारावीचं वर्ष गेलं. बाहेर व्हरांड्यात पोरं पुढच्या ॲडमिशनच्या गप्पा हाकत होती, आणि आत त्यांचं वर्ष एका पेनाच्या टोकाशी आलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "ते उत्तर मायं हाय."

"गुलाबराव, तुमी चहाचं पाहा," सर दातओठ खात म्हणाले. अटेंडंट शिकवतो हे बाहेर गेलं तर सर काय करतात, असा प्रश्न आला असता. ते मला कळत होतं. पण इतकं झकास उत्तर आणि त्याला चोरीचं म्हणतात, हे मला सहन होईना.

"चहा होईन, सर. मॅडम, मांगच्या महिन्यात सरावाच्या प्रॅक्टिकललेबी मीच आलो होतो, हे पोट्टे ते सुरू व्हायची वाट पाहत बसले होते. मी बरणी पुसून राहिलो होतो. एकानं इचारलं, काका, अळी आता मरत काहून नाही? मी म्हणलं, पहिल्या दिवशी खर्रा खाल्ला तवा मले चक्कर आली, आता दिवसाले तीन खातो अन् काहीच होत नाही. तसंच अळीचं. औषधाची सवय लागली तिले. सगळ्याईले पटलं. पटलं म्हणून ध्यानात राहिलं."

"तुम्ही पोरांना वाचवून राहिले, काका."

"मी? मायं उत्तर वाचवून राहिलो!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ठीक. एकेकाला आत पाठवा."

पहिला आला तो बार्शीटाकळीकडचा प्रतीक. मॅडमनी शांतपणे विचारलं, "एक वावर आहे. तिथं कधीच औषध मारलं नाही. पहिल्यांदाच फवारलं, तरी दोन-चार अळ्या वाचल्या. त्यांना सवय कधी लागली?"

पोरगा डोकं खाजवायला लागला. "मॅडम, बाजूच्या वावरातून वारा आला असन. थोडं थोडं औषध आधीच पेल्या असतीन."

दुसरा म्हणाला, अळ्या बोंडात लपून बसल्या असतील. तिसरा शेतकऱ्याचा. तो तर उसळलाच. "मॅडम, औषधच बोगस असन! दुकानदार काय देते तुमाले मालूम नाही!"

चौथी सायली. तिनं एकटीनं पेपरात खर्रा न लिहिता तंबाखू लिहिलं होतं. मला ते आवडलं नव्हतं, चव गेली. मॅडमनी विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, अळीच्या आईनं खाल्लं असेल, ते पोटातल्या पोटात उतरलं."

एकही गप्प बसला नाही. प्रत्येक जण सवयीच्या बाजूनं काही ना काही नवं काढून भांडत होता. मॅडमनी दार लावून घेतलं.

"कॉपी नाही," त्या म्हणाल्या. "कॉपी केलेल्याला दुसरा प्रश्न विचारला की तो गप्प होतो. यांना पटलेलं आहे. हे जास्त कठीण."

सरांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे पेपर हलले.

मी म्हणालो, "मंग द्या मार्क."

"मार्क कशाचे? उत्तर चूक आहे."

"चूक? कसं काय?"

"काका, तुमच्या मुलानं पहिल्यांदा खर्रा खाल्ला, तेव्हा त्याला काय झालं?"

"काय होते? ओकला. घर डोक्यावर घेतलं."

"तुम्ही तर इतकी वर्षं खाताय. तुमची सवय त्याच्यात का नाही उतरली?"

हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. माझ्या बायकोनंसुद्धा नाही, आणि ती तर रोज काही ना काही विचारते.

मॅडम म्हणाल्या, "आपली सवय आपल्यासोबत जाते. अळीचीही. हजारो अळ्यांमध्ये दोन-चार अशा असतात की औषध त्यांना आधीपासूनच लागू होत नाही. बाकीच्या मरतात. या उरतात. यांचेच पतंग होतात, त्यांना पिल्लं होतात, आणि पिल्लं आईवर जातात. असं दरवर्षी झालं की वावरात त्यांचीच गर्दी. कोणीच काही शिकलं नाही, कोणाला सवय लागली नाही. जे मरायचे होते ते मेले, एवढंच. यालाच उत्क्रांती म्हणतात."

"अन् त्या दोन-चार अशा कशा काय झाल्या?"

"शरीराच्या आत जनुकांची नक्कल उतरताना चुकून फरक पडतो."

"चुकून?"

"चुकून."

आता मी सातवी नापास असलो तरी हातात आलेलं सोडणारा नाही. "वा, मॅडम! अळीनं चूक केली तर तिले फायदा. माया पोट्ट्याईनं चूक केली तर त्याईले भोपळा. हा कुठला न्याय?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. हसताना अमरावतीची पोरगी दिसली. "काका, अळीले मार्क नाही भेटले, जीव भेटला. तुमच्या पोट्ट्याईलेबी जीवच देऊन राहिली मी. मार्क नाही."

इथं मी हरलो. हे लिहिताना कबूल करतो. तेव्हा केलं नव्हतं. तेव्हा मी बेल उचलून आत ठेवायला गेलो, आणि जाता जाता म्हणालो की तीन नंबरचा पोट्टा बोगस औषधाचं बोलला ते बाकी खरं हाय. मॅडम म्हणाल्या, "ते खरं आहे. पण ते बायोलॉजी नाही."

कॉपी केस झाली नाही. बोंडअळीच्या स्पॉटला सगळ्यांना शून्य, सायलीलाही. बाकीचे मार्क ज्याचे त्याला. सगळी बॅच पास झाली. वानखडे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकल आलं तेव्हा मात्र फोन त्यांचाच आला. मी तीनदा नाही म्हटलं.

आता पोरं बरणीपाशी थांबून विचारतात, तेव्हा मी मॅडमचं सांगतो. माझंही सांगतो, पण नंतर, आणि हे लिहायचं नाही अशी तंबी देऊन. तरी काही जण लिहितातच, कारण माझं लवकर पटतं.

पेपर तपासणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, म्हणून चोर पकडायला तुम्ही सारखी चूक शोधता. शोधा. पण सारख्या चुकीमागं दर वेळी चिठ्ठी नसते. कधी कधी चांगला मास्तर असतो.