कोवळं पीस

राजारामपुरीत माझं केशकर्तनाचं दुकान होतं. हात हलका म्हणून लोक पाळलेले पोपटही घेऊन यायचे, उडू नयेत म्हणून पंख कापून न्यायचे. नव्या पिसाच्या मुळाशी रक्त असतं. असल्या कोवळ्या पिसाला कात्री लावायची नाही, एवढीच त्यातली मेख. ती मी तेव्हा कुणाला सांगत नव्हतो. आपल्या धंद्यातली गोष्ट, लोकांना कशाला!

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या तोंडाला एक पोपटवाला दाढीला आला आणि टोपली दारातच ठेवली. आत झाडाच्या ढोलीतून काढलेली पिल्लं, अंगावर धड पीस नाही. निम्मी मेलेली.

"अरं, ही मेल्यात की!" मी ओरडलो.

"व्हय, निम्मी जात्यातच. म्हणून जास्त काढायची," म्हणाला आणि गाल पुढं केला.

दाढी केली खरी, पण मन विटलं. त्याच दिवशी ठरवलं, आता पोपटाला कात्री लावायची नाही.

चार दिवसांनी मास्तर आले. म्हातारे, एकटे, वर्षाला एकदा पोपट माझ्याकडंच आणायचे. बायको वारली तरी तो पोपट तिच्या आवाजात "अहो, जेवायला चला" म्हणायचा, आणि मास्तर खरंच पाटावर जाऊन बसायचे.

"पिसं वाढलीत रे. हा उडाला तर मी काय करू?"

"न्हाय मास्तर, आता न्हाय कापायचो मी. लई पाप झालं."

मास्तर तणतणत निघून गेले. कोवळ्या पिसाचं सांगायचं मला सुचलंच नाही. उलट मोठं पुण्य केल्यागत वाटत होतं. येडा मी!

दुपारी ते धापा टाकत आले, पोपट धोतराच्या सोग्यात. घरच्या कात्रीनं स्वतःच कापलं होतं, आणि नेमकं कोवळं पीस. मी तुरटी लावली, हळद दाबली, गिऱ्हाइकाला कापलं की करतो ते सगळं केलं. रक्त थांबेना. माझ्या तळहातावरच गेला तो.

मास्तर खुर्चीत बसले ते उठेनातच. शेवटी म्हणाले, "तू कापले असतेस तर जगला असता."

त्यात खोटं काय होतं? पुढं पोपट आले की मी मुकाट्यानं कापायचो, कुठलं पीस सोडायचं ते मालकालाही दाखवायचो. माझ्यासारखा माणूस आहे म्हणून पोपट घेणाऱ्यांचं फावतं, हे काय कळत नव्हतं? पण न कापून एक मारून झाला होता. मग समोरचा जीव तेवढा सांभाळत राहिलो, ढोलीतनं काढलेल्या पिल्लांकडं मात्र डोळेझाक केली. लई थकलो त्यात.