दाराशी ठेवलेली खुर्ची

कुणाच्याही सर्किट-ब्लॉकचं लेखी वर्णन तपासायला घेतलं की इनास सर आधी ते लिहिणाऱ्याला खोलीबाहेर बसवायचे. त्यासाठी दाराशी एक लोखंडी खुर्चीच होती. "तू समोर असलीस की तोंडाने सांगणार. गिऱ्हाइकाकडे तुझं तोंड जात नाही, कागद जातो."

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. चिपमध्ये कुणालाही पुन्हा पुन्हा वापरता येतील असे तयार सर्किटचे ब्लॉक आम्ही बनवायचो. कुठली तार आत येते, कुठली बाहेर जाते, हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लिहायची. मग सगळ्यांसाठी एकच ठरावीक नमुना आला. जुने ब्लॉक त्या नमुन्यात बसवण्यात सरांची शेवटची वर्षं गेली. डोळे चोळत म्हणायचे, "थकलो गं. तीच गोष्ट किती वेळा लिहायची." आणि पुन्हा लिहायला लागायचे.

माझ्या नावावरचा पहिला ब्लॉक सरांनी तपासायला घेतला, त्याच संध्याकाळी तो परदेशी जायचा होता. घरातली मी पहिली पदवीधर. आईने आमच्या आचोळे गावात सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. नमुना तपासणाऱ्या प्रोग्रामने एकही चूक काढली नव्हती. तसं सरांना ऐकवून मी ऐटीत खुर्चीवर जाऊन बसले.

तासाभराने त्यांनी आत बोलावलं. चुकांची मोजणी ठेवणारा एक कप्पा पहिल्यांदा वाचला की आकडा दाखवत होता, दुसऱ्यांदा शून्य. असं का, ते माझ्या वर्णनात कुठेच नव्हतं.

"वाचला की तो आपोआप पुसला जातो, सर. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण? तू. फॉर्म बरोबर भरलायस पोरी, माहिती घरी ठेवलीस. आमच्या वटार गावात कुणाला केळीचा मुनवा लावायला दिला, तर पाणी किती घालायचं तेही सांगतात."

ब्लॉक आठवडाभर अडकला. "उशीर माझ्यामुळे, माझंच वाचन हल्ली हळू झालंय," असं सरांनी कंपनीच्या साहेबांना सांगितलं. तरी मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

निवृत्तीला थोडेच महिने असताना सर वारले. त्यांचा शेवटचा ब्लॉक तपासायला माझ्याकडे आला. खुर्ची दाराशी तशीच होती. दिवसभर मी वाचलं, जोडलं, चालवून पाहिलं. कुठेतरी अडायला हवं होतं. दार उघडून काहीतरी विचारावंसं फार वाटत होतं.

विचारण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.