ऊसतोडीची पाळी लावणाऱ्या कुमुदताई

श्रीमती कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या मनात अढी होती. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात मी कारकून होतो. कोणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी मी हाताने करत असे. भिंगारच्या कोणी गणित शिकलेल्या बाई आता ती संगणकावर करणार, असे कानावर आले. संगणक म्हणजे काय, ठाऊक नव्हते. आपले काम गेले, एवढे मात्र कळले.

ताई आल्या आणि थेट माझ्यासमोर बसल्या. "यादी कशी करता ते सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येणार नाही." चार दिवस त्यांनी मला प्रश्नांनी भंडावले. लागणीची तारीख, उसाची जात, कोणत्या ओढ्यातून गाडी निघत नाही, सगळे वहीत उतरवले. त्यावरून लिहिलेल्या सूचना भोके पाडलेल्या कार्डांवर गेल्या. संगणक पुण्याला होता. कार्डांचा गठ्ठा मांडीवर सांभाळत ताई एसटीने निघाल्या आणि छापील यादी घेऊनच परतल्या.

त्याच हंगामात भागूजीबाबा नावाचे वृद्ध शेतकरी कचेरीत आले. "सायेब, माजा ऊस तुऱ्यावर आलाय, वजन घटाया लागलं. शेजारच्या समद्यांची तोड झाली. माजं नाव हाय का न्हाई?"

नव्हते. शेतकी अधिकारी म्हणाले, "संगणकाची यादी चुकत नाही. तुम्हीच नोंद केली नसेल."

बाबांची नोंद मी स्वतः केली होती. तरी मी गप्प राहिलो. याची लाज आजही वाटते. ताईंनी मात्र नोंदवही मागवली. गावात त्याच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दुसरे शेतकरी होते. नाव दोनदा आले तर एक गाळावे, अशी सूचना ताईंनीच लिहिली होती.

"बाबा, चूक माझी आहे," ताई सर्वांसमोर म्हणाल्या.

अधिकारी दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, चारचौघांत बोलू नका. यादीवरचा विश्वास उडेल."

"लपवलं तर उडेल, साहेब."

दुसऱ्याच दिवशी त्या पुण्याला गेल्या. नावाऐवजी जमिनीच्या नंबरावरून शेत ओळखायचे, आणि गाळलेले प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर छापायचे, असा बदल त्यांनी केला. त्यात असेच गाळले गेलेले आणखी तीन शेतकरी सापडले. बाबांची तोड लागली, त्या दिवशी ताई फडात जाऊन उभ्या राहिल्या. थोडे वजन घटलेच होते. तेही त्यांनी मान्य केले. बाबा म्हणाले, "मशिनीला चूक कळत न्हाई, बाई. तुमाला कळली, लई झालं."

पुढे ताईंनी कारखान्याच्या सुट्या भागांची नोंद, पाणीपाळीचे तक्ते, शाळांची निकालपत्रके अशी कितीतरी कामे संगणकावर आणली. प्रत्येक कामासोबत त्याची रीत मराठीत लिहिलेली एक वही असे. मागून येणाऱ्याला अडू नये म्हणून. मला तर त्यांनी एसटी स्टँडच्या बाकावर कार्ड वाचायला शिकवले. त्याच शिकवणीवर मी संगणक विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो.

आज पंचाहत्तरीत ताईंनी एक नवी संगणकभाषा शिकायला घेतली आहे. "नीट यायला दोन वर्षं लागतील," असे परवा म्हणाल्या. ताई, दोनच का, वीस वर्षांचे काम हाती घ्या. डोळे, गुडघे आणि ही उमेद तुम्हाला तितकीच साथ देवोत. प्रश्न विचारायला आम्ही येतच राहू.