इंदुताईंनी पूर्ण केलेली मालिका

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंदुताई फोर्कलिफ्ट चालवतात. माहेर औशाचं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर चिखलीत आल्या आणि बरीच वर्षं याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी पोळ्या लाटल्या. आता खोक्यांची थप्पी उचलून त्या ट्रकमध्ये इतकी अलगद ठेवतात, की ट्रकवाले चहा हातात धरून बघत राहतात. पोळपाटावरून त्या या सीटवर कशा आल्या, हे मात्र यंदाच्या महिला दिनापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

महिला दिनाला दरवर्षी रांगोळी ठरलेली. यंदा एचआरच्या दिव्या मॅडमनी वादविवाद ठेवला. विषय होता, आजवरची सगळ्यात चांगली मालिका कोणती? कंपनीच्या बसमध्ये हा वाद रोजच चालायचा, त्यामुळे कॅन्टीनचा हॉल गच्च भरला. घरच्यांनाही बोलावलं होतं. इंदुताईंचे मिस्टर ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते.

पहिला उठला क्वालिटीतला विक्की. त्यानं एका वेब सिरीजची बाजू घेतली. "आठ भागांत गोष्ट सुरू होते आणि संपते. आपल्या मालिका रबरासारख्या ताणतात. ज्या गोष्टीला धड शेवट नाही, ती चांगली कशी म्हणायची?"

टाळ्या पडल्या. मग पॅकिंगमधली वर्षाली शिवकाळावरच्या एका मालिकेबद्दल बोलली. "आमच्याकडं सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळे एकत्र बसायचो. लेकीनं इतिहासाचं पुस्तक आपणहून उघडलं, ते त्या मालिकेमुळं." यावर तर हॉल दणाणला.

इंदुताई पदर खोचून पुढं आल्या. "माझी मालिका 'घाटातली सुमन'."

कुणालाच नाव ओळखीचं वाटेना. विक्कीनं विचारलं, "ताई, ही लागायची कधी?"

"दुपारी. तू शाळेत असशील तवा."

लोक हसले. इंदुताई शांतपणे सांगू लागल्या. सुमनचा भाऊ आजारी पडतो, दुधाचा टेम्पो दारात उभा राहतो आणि सुमन तो चालवायला शिकते. शेवटी लायसनच्या परीक्षेला बसते. साहेब शेजारी, समोर चढ. ती चावी फिरवते आणि भाग संपतो. "दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला तर तिच्या जागी पाककृती. मालिका बंदच केली."

"म्हणजे अर्धवट," विक्की म्हणाला. "मग सगळ्यात चांगली कशी?"

"अर्धवट होती म्हणूनच. पोळ्या लाटताना डोक्यात तेच. पास झाली का नापास? कुणाला विचारावं? आन् मग इथं नोटीस लागली, फोर्कलिफ्ट शिकवणार, बायकांनीबी नावं द्यावीत. मी दिलं. घरी हे म्हणाले, तुला सायकल येत नाही."

मागं ज्योतीरामनी मान खाली घातली, पण हसू लपेना.

"पहिल्याच दिवशी रिकामी पिंपं पाडली. सगळी शेड हसली. मी म्हटलं, सुमनबी अशीच कुठंतरी धडकली असंल, आपल्याला दाखवलं नाही इतकंच. रोज जेवणाच्या सुट्टीत शिकत राहिले. परीक्षेला साहेब शेजारी उभे राहिले, मी चावी फिरवली. तवा मला कळलं तिचं काय झालं."

"काय झालं?" दिव्या मॅडमनी न राहवून विचारलं.

"पास झाली," इंदुताई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

हात वर करून मतं घेतली. वर्षालीची मालिका जिंकली, त्यात नवल नव्हतं. पण इंदुताईंच्या मालिकेला, जी हॉलमध्ये दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती, दुसरा नंबर मिळाला. विक्कीचाही हात त्यांच्याच बाजूनं वर गेला. ज्योतीरामनी दोन्ही हात वर केले, तेव्हा मॅडमना सांगावं लागलं, "काका, मत एकच धरणार."

त्या दिवशी घरच्यांना शेड बघायची मुभा होती. ज्योतीराम पिवळ्या पट्ट्यामागं उभे राहिले. बायकोला गाडी चालवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इंदुताईंनी हेल्मेट चढवलं, गाडी वळवली आणि भरलेली थप्पी डोक्याच्या वर उचलली. ज्योतीरामनी घाईनं औशाला, सासूबाईंना, म्हणजे सरूबाईंना, व्हिडिओ कॉल लावला.

"त्या पिवळ्या गाडीत कोण बसलंय?" सरूबाईंनी विचारलं.

"तुमची लेक."

"ती चालवायलीय का?"

"तीच चालवायलीय. एवढं वजन हिच्याशिवाय कुणाकडं देत नाहीत, मामी." ज्योतीरामनी हे आपल्याच मनानं ठोकून दिलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरनं ते ऐकलं, पण मान हलवून दुजोरा दिला.

ते आणखी बरंच सांगणार होते, पण सरूबाईंनी त्यांना थांबवलं.

"जावईबापू, तुम्ही जरा गप बसा. मला बघू द्या."